जुन्या ५.१ सेटला ॲटमॉसची जोड : मुंबईच्या हॉलसाठी पायरीपायरीने

दहा-बारा वर्षांपूर्वी हौसेने घेतलेला ५.१ सेट अजून हॉलमध्ये आहे. दरम्यान टीव्ही बदलून फोर-के झाला आणि ओटीटीवर सिनेमाच्या नावाखाली 'डॉल्बी ॲटमॉस' अशी पाटी दिसायला लागली. आपल्या सेटवर ते वाजतंय का? वाजत नसेल तर काय काय बदलावं लागेल? दुकानात विचारलं की सगळंच नवं घ्यायला सांगतात. बहुतेक घरांत त्याची गरज नसते. चांगले स्पीकर वीस-वीस वर्षं वाजतात. जुना होतो तो रिसीव्हर, म्हणजे आवाज उलगडून स्पीकरना ताकद पुरवणारा मुख्य डबा, कारण नवे फॉरमॅट उलगडायचं काम त्याचं. म्हणून माझा सल्ला असा : स्पीकर शक्यतो तेच ठेवा, रिसीव्हर बदला, वर दोन स्पीकर वाढवा आणि बाकीची मेहनत मांडणीवर घ्या.

नवं म्हणजे नेमकं काय

जुन्या डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसमध्ये आवाज आधीच सहा वाट्यांत विभागलेला असतो. समोरचे डावा, उजवा आणि मधला, बाजूचे दोन सराउंड, आणि '.१' म्हणजे सबवूफर, फक्त बास वाजवणारा मोठा स्पीकर. मिक्सिंग करणाऱ्याने हेलिकॉप्टर डाव्या सराउंडमध्ये टाकलं की ते तिथेच वाजणार. डॉल्बी ॲटमॉस २०१२ साली थिएटरांत आलं आणि २०१४ मध्ये घरच्या रिसीव्हरपर्यंत पोचलं. पाठोपाठ २०१५ साली डीटीएस:एक्स आलं. या दोन्हींत काही आवाज 'ऑब्जेक्ट' म्हणून साठवलेले असतात. म्हणजे आवाज, आणि सोबत तो खोलीत कुठे, किती उंचीवर यायला हवा याची माहिती. तुमच्याकडे पाच स्पीकर आहेत की अकरा हे बघून रिसीव्हर तो आवाज जागच्या जागी पाठवतो.

५.१.२ असं लिहिलेलं दिसलं तर शेवटचा आकडा डोक्यावरच्या स्पीकरचा. पाच कानाच्या पातळीचे, एक सबवूफर, दोन वरचे. ५.१.४ म्हणजे वर चार.

घाई करायचं कारण नाही, हेही सांगून ठेवतो. ॲटमॉसचा सिनेमा जुन्या रिसीव्हरवर मुका होत नाही. ओटीटीवर ॲटमॉस हे डॉल्बी डिजिटल प्लसच्या आतून येतं आणि ब्लू-रेवर डॉल्बी ट्रूएचडीच्या आतून. हे दोन फॉरमॅट कळणारा रिसीव्हर उंचीची माहिती सोडून देतो आणि उरलेलं ५.१ किंवा ७.१ व्यवस्थित वाजवतो. त्यामुळे हे काम दोन-तीन टप्प्यांत केलं तरी चालतं.

पायरी १ : आपल्याकडे काय आहे ते नीट बघा

घरातले जुने सेट ढोबळमानाने दोन जातींचे. पहिला डीव्हीडी प्लेअरसकट आलेला सेट. मागे रंगीत प्लॅस्टिकच्या पिना, स्पीकरच्या पाठीवर ३ किंवा ४ ओहम (स्पीकरचा विद्युत रोध) लिहिलेलं, आणि सबवूफरला स्वतःचा विजेचा प्लग नाही, त्याची वायर थेट मुख्य डब्यात जाते. हे स्पीकर त्या एकाच डब्यासाठी बनवलेले असतात. बाजारातले बरेच रिसीव्हर ६ ते ८ ओहमच्या हिशेबाने केलेले असतात. त्यांना ३ ओहमचे स्पीकर जोडले तर ते तापतात आणि मोठ्या आवाजाला स्वतःला बंद करून घेतात. शिवाय रिसीव्हर सबवूफरला फक्त सिग्नल देतो, ताकद देत नाही. म्हणजे तो सबवूफरही कामाचा नाही. असा सेट असेल तर त्यात भर घालण्यात पैसे घालवू नका. नवीन सुरुवात समजा.

दुसरी जात म्हणजे वेगळा रिसीव्हर आणि वेगळे स्पीकर. स्पीकरवर ६ किंवा ८ ओहम, सबवूफरला स्वतःचा प्लग आणि मागे आवाजाचं बटण. हा सेट असेल तर तुम्ही अर्धी वाट चालून आलेले आहात.

आता तब्येत तपासा. स्पीकरची जाळी काढा आणि कोनच्या, म्हणजे आवाज करताना हलणाऱ्या पडद्याच्या, कडेची गोल पट्टी बोटाने अगदी हलके दाबा. रबराची असेल तर बहुधा ठणठणीत निघते. फोमची असेल तर मुंबईच्या दमट हवेत ती काही वर्षांत चिकट होते, मग भुसभुशीत होऊन गळते. पट्टी गेली म्हणून स्पीकर टाकू नका. स्पीकर दुरुस्त करणारे नवी पट्टी चिकटवून देतात आणि मूळ स्पीकर चांगला असेल तर तो खर्च वसूल होतो. मागचे टर्मिनल पाहा. समुद्राजवळच्या घरांत तांब्याची तार टोकाला हिरवी-काळी पडलेली सापडते. तेवढा तुकडा कापा, अर्धा इंच नवीन तार सोला आणि पुन्हा पिळून घट्ट बसवा. 'एका बाजूने खरखर येते' ही तक्रार कित्येकदा इथेच मिटते.

एक परीक्षा जरूर करा. वायर रिसीव्हरकडून सोडवा आणि दीड व्होल्टचा साधा पेन्सिल सेल घ्या. लाल वायर सेलच्या बटणाकडे, काळी तळाकडे, क्षणभर टेकवा. 'टक्' असा आवाज येऊन कोन पुढे सरकला पाहिजे. मागे ओढला गेला तर वाटेत कुठेतरी लाल-काळी उलटी झाली आहे. एक जरी स्पीकर उलटा असला तरी बास पोकळ होतो आणि आवाज नेमका कुठून येतो ते कळेनासं होतं. ॲटमॉसमध्ये तर सगळी मजाच जागेची, त्यामुळे ही चूक राहिली की वरचे स्पीकर लावूनही फारसा उपयोग नाही. घरी मल्टिमीटर असेल तर सुटवलेल्या टोकांचा रोधही बघा. ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ च्या आसपास दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटलेली आहे किंवा वायर.

पायरी २ : आवाज रिसीव्हरपर्यंत कोणत्या वाटेने येतो

इकडे सहसा कुणी लक्ष देत नाही आणि सगळं इथेच अडतं. उत्तम रिसीव्हर आणला, छताला स्पीकर लावले, आणि टीव्हीतून ऑप्टिकल वायर तशीच ठेवली तर ॲटमॉस येणारच नाही. ऑप्टिकल म्हणजे टोकाला लाल उजेड दिसणारी ती बारीक वायर. तिच्यातून दोन चॅनेलचा साधा आवाज किंवा जुनं ५.१ एवढंच जातं. डॉल्बी डिजिटल प्लस तिच्यात मावत नाही.

२००९ साली एचडीएमआय १.४ बरोबर 'आर्क' आलं. यात टीव्हीचा आवाज त्याच एचडीएमआय वायरीतून उलटा रिसीव्हरकडे जातो. यातून डॉल्बी डिजिटल प्लस जाऊ शकतं, म्हणून ओटीटीचं ॲटमॉस बहुतेक नव्या टीव्हींवर साध्या आर्कनेही मिळतं. ब्लू-रेचं ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ मात्र आर्कमधून जात नाही. त्यासाठी 'ई-आर्क' लागतं, जे एचडीएमआय २.१ सोबत आलं. टीव्हीच्या मागच्या तीन-चार पोर्टांपैकी बहुधा एकालाच ही सोय असते आणि पोर्टशेजारी तसं छापलेलं असतं. टीव्ही भिंतीला टेकलेला असतो, मागे हात कसाबसा पोचतो, आणि वायर शेजारच्या पोर्टात जाते. मोबाइलच्या टॉर्चने वाचून मगच लावा.

माझी पसंती अशी : फायर स्टिक, ॲपल टीव्ही, ब्लू-रे प्लेअर, गेम कन्सोल, जे असेल ते थेट रिसीव्हरला जोडा आणि रिसीव्हरमधून एक वायर टीव्हीच्या आर्क पोर्टात न्या. टीव्हीला आवाजाच्या मध्ये जितकं कमी आणाल तितकं बरं. ॲपल टीव्ही फोर-के ॲटमॉस उलगडून मोठ्या स्वरूपात पाठवतो, तो टीव्हीला जोडला तर साधं आर्क पुरत नाही. आणि बऱ्याच टीव्हींनी, उदाहरणार्थ सॅमसंगच्या २०१८ पासूनच्या मॉडेलांनी, डीटीएसची सोयच काढून टाकली आहे. अशा टीव्हीतून डीटीएसची डिस्क पुढे जाणार नाही. थेट रिसीव्हरला जोडली की प्रश्न मिटतो.

मग सेटिंग. टीव्हीत 'साउंड आउटपुट' एचडीएमआय आर्क किंवा रिसीव्हरवर ठेवा. 'डिजिटल आउटपुट' नावाचा पर्याय शोधा आणि तो पीसीएमवरून (टीव्हीनेच उलगडून दिलेला साधा आवाज) काढून 'पास-थ्रू' किंवा 'ऑटो' करा. ई-आर्क असेल तर तेही ऑटो. एचडीएमआय कंट्रोल, म्हणजे जोडलेली उपकरणं एकमेकांना हुकूम देतात ती सोय, चालू हवं. सॅमसंगमध्ये त्याला ॲनिनेट प्लस म्हणतात, एलजीत सिम्पलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. रिसीव्हरच्या मेनूतही हाच पर्याय चालू करावा लागतो, नाहीतर आर्क जागंच होत नाही.

नेटफ्लिक्सवर ॲटमॉस फोर-केवाल्या प्लॅनमध्येच मिळतं. आणि भाषा बघा. मूळ भाषेत ॲटमॉस आणि डब केलेल्या भाषेत साधं ५.१ किंवा स्टीरिओ असं बऱ्याचदा असतं, तेव्हा हिंदी आवाज निवडला की पाटी गायब होते. यात बिघाड काही नसतो.

शेवटचा निकाल रिसीव्हरच्या पडद्यावर. तिथे 'डॉल्बी ॲटमॉस' आलं तर जिंकलात. 'डॉल्बी सराउंड' दिसलं तर साधा आवाज पसरवून वरच्या स्पीकरला दिला जातो आहे. ऐकायला तेही छान वाटतं, पण ते ॲटमॉस नव्हे. नुसतं 'पीसीएम' किंवा 'स्टीरिओ' दिसलं तर परत टीव्हीच्या सेटिंगकडे.

पायरी ३ : हॉल मोजा, मग स्पीकर ठरवा

आपला हॉल दहा बाय पंधराच्या आसपासचा. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, एका बाजूला खिडकी, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघराकडे जाणारा पॅसेज. सात चॅनेलचा रिसीव्हर घेतला की दुकानदार विचारतो, जादाचे दोन मागे लावायचे की वर? मागे लावायचे तर सोफ्यामागे निदान तीन-चार फूट मोकळी जागा हवी. तेवढी ज्याच्याकडे आहे त्याने जरूर ७.१ करावं. बाकी सगळ्यांनी ते दोन वर लावावेत. डोक्याला चिकटलेला मागचा स्पीकर फक्त कानात ओरडतो. वरच्या दोघांनी मात्र छोट्या हॉलची उंची एकदम उघडते. पावसाचा प्रसंग लागला की फरक घरातल्या सगळ्यांना कळतो, ज्यांना या विषयात रस नाही त्यांनाही.

समोरचे डावा-उजवा तुमच्या बसण्याच्या जागेपासून मध्याच्या दोन्ही बाजूंना २२ ते ३० अंशांवर हवेत. नऊ फुटांवर बसत असाल तर दोघांमध्ये सात ते दहा फूट अंतर होतं. मधला स्पीकर टीव्हीच्या खाली असतो आणि त्याचं तोंड गुडघ्याकडे राहतं. त्याच्या पुढच्या कडेखाली रबराचे दोन तुकडे देऊन त्याला कानाकडे वळवा. टीव्ही युनिटच्या कप्प्यात आत ढकलला असेल तर कडेपर्यंत पुढे ओढा. 'संवाद ऐकू येत नाहीत, गाणी मात्र कान फाडतात' ही घरोघरची तक्रार बरीचशी या दोन गोष्टींनी कमी होते.

सराउंड सोफ्याच्या दोन्ही बाजूंना, कानापेक्षा थोडे वर. पॅसेजच्या बाजूला भिंतच नसेल तर मागच्या भिंतीच्या त्या कोपऱ्यात स्पीकर लावून त्याचं तोंड सोफ्यावरून आडवं वळवा. दोन्ही बाजू अगदी सारख्या नसल्या तरी चालतं, अंतराचा हिशेब रिसीव्हर सांभाळून घेतो.

आता वरचे दोन. दोनच स्पीकर असतील तर ते बसणाऱ्याच्या डोक्यावर किंवा जरासे पुढे हवेत, समोरच्या डाव्या-उजव्याच्या रेषेत. सोफा भिंतीला टेकलेला असेल तर भिंतीपासून साधारण तीन-चार फूट पुढे छतावर खूण करा. मागची भिंत आणि छत जिथे मिळतात त्या कोपऱ्यात लावायचा मोह टाळा.

लावायच्या पद्धती तीन. पहिली, पीओपी किंवा जिप्समच्या फॉल्स सीलिंगमध्ये भोक पाडून गोल स्पीकर बसवणं. दिसायला सर्वांत नीटस. पण आधी स्लॅब आणि सीलिंग यांच्यात किती पोकळी आहे ते मोजा. कित्येक घरांत ती जेमतेम चार इंच असते आणि स्पीकर नेमका तेवढाच खोल निघतो. वजन पीओपीवर टाकू नका, स्लॅबला हूक मारून साखळीने आधार द्या. ट्वीटर (बारीक आवाज काढणारा छोटा भाग) वळवता येणारा स्पीकर घ्या, म्हणजे तोंड सोफ्याकडे करता येईल. वर कुणाचं बाथरूम असेल किंवा स्लॅबला ओल आली असेल तर ती आधी बंद करून घ्या. पावसाळ्यात ठिबकलेलं पाणी सरळ स्पीकरवर पडतं.

दुसरी पद्धत, छोटे स्पीकर ब्रॅकेट लावून स्लॅबला किंवा बाजूच्या भिंतीवर अगदी वर लावणं. माझा कौल याला. सीलिंग फोडावं लागत नाही, कोन हवा तसा वळवता येतो आणि घर बदलताना काढून नेता येतात. गिरगाव-दादरच्या जुन्या इमारतींत छत अकरा-बारा फुटांवर आणि लाकडी तुळयांचं असतं, तिथे तर हाच मार्ग. नऊ फुटांवर भिंतीला लावून खाली झुकवा.

तिसरी पद्धत, छताकडे तोंड असलेले स्पीकर समोरच्या स्पीकरवर ठेवणं. आवाज छतावर आपटून खाली येतो. डॉल्बी यासाठी साडेसात ते बारा फुटांचं सपाट, कडक छत सुचवतं. मुंबईचा स्लॅब नऊ-साडेनऊ फुटांचा, म्हणजे उंची जमते. अडचण पंख्याची. आवाज छतावर आपटतो तो तुमच्या आणि स्पीकरच्या साधारण निम्म्या वाटेवर, आणि आपला पंखा लटकतो तोही तिथेच, हॉलच्या मध्यावर. पाती फिरत असताना तो आवाज थरथरतो. एसी लावून पंखा बंद ठेवून सिनेमा बघत असाल तर हे स्पीकर चालतील. एरवी, आणि पीओपीला खाचा-पायऱ्या असतील तर नक्कीच, हा पर्याय सोडून द्या.

वरचे स्पीकर बाकीच्यांशी एकाच कंपनीचे असावेत असं काही नाही. समोरचे तीन मात्र एकाच मालिकेतले हवेत. बोलणारा पडद्याच्या डावीकडून उजवीकडे चालत गेला तर त्याचा आवाज वाटेत बदलता कामा नये.

पायरी ४ : रिसीव्हर घेताना

निदान सात चॅनेलचे ॲम्प्लिफायर असलेला घ्या. पाच चॅनेलवाल्यावर वर काहीच जोडता येत नाही. ॲटमॉस आणि डीटीएस:एक्स दोन्ही, ई-आर्क, फोर-केसाठी एचडीसीपी (चित्राची नक्कल रोखणारं कुलूप) २.२ किंवा पुढचं, आणि खोली मोजायचा माइक सोबत. डेनॉन-मरांट्झमध्ये त्या मोजणीला ऑडिसी म्हणतात, यामाहामध्ये वायपीएओ. वॉटच्या आकड्याने भारावून जाऊ नका. तो आकडा बरेचदा एक-दोन चॅनेल चालवून मोजलेला असतो. आपल्या हॉलमध्ये सातही चॅनेल पूर्ण ताकदीने कधी वाजतच नाहीत, खरे ६०-७० वॉट पुष्कळ झाले. पुढे कधी चार वरचे करायचे मनात असेल तर नऊ चॅनेल हाताळणारा किंवा जादा ॲम्प्लिफायर जोडायला प्री-आउट असलेला बघा.

वायर, पिना, ब्रॅकेट यांसाठी ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग. रविवारी बरीचशी दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवार गाठा. रिसीव्हर मात्र ऐकून घ्या, आणि जीएसटीचं बिल व भारतातली वॉरंटी असल्याशिवाय पैसे देऊ नका. बाहेरून आणलेला स्वस्त नग १०० किंवा १२० व्होल्टचा असू शकतो. आपल्याकडे २३० व्होल्ट. मागची पट्टी वाचल्याशिवाय प्लग लावू नका.

जुना वापरलेला रिसीव्हर घ्यायलाही हरकत नाही. पण ॲटमॉसच्या पहिल्या पिढीतल्या, २०१४ च्या आसपासच्या काही मॉडेलांत एचडीसीपी २.२ नाही, ती फोर-के चित्र पुढे सोडत नाहीत. प्रत्येक एचडीएमआय पोर्ट स्वतः लावून बघा, कारण विजेच्या झटक्याने सर्वांत आधी तेच जातात. माइक आणि रिमोट सोबत आहे ना तेही बघा.

पायरी ५ : वायर आणि ड्रिल

स्पीकरची वायर शुद्ध तांब्याची घ्या, दीड स्क्वेअर एमएम. अंतर चाळीस-पन्नास फुटांच्या पुढे गेलं तर अडीच. स्वस्त वायरीत ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. टोक सोलून ब्लेडने खरवडलं आणि आतून पांढरं दिसलं की परत करा. दमट हवेत ती टोकं लवकर खराब होतात.

स्पीकरची वायर विजेच्या पाइपातून नेऊ नका. शेजारून न्यावीच लागली तर वीतभर अंतर ठेवा आणि ओलांडताना काटकोनात ओलांडा. भाड्याच्या घरात स्कर्टिंगच्या वरून केसिंग-कॅपिंगची पट्टी चिकटवली की काम भागतं. घराचं रंगकाम किंवा पीओपी चालू असेल तर आज दोनच स्पीकर घेत असलात तरी छतात चार जागी वायर टाकून ठेवा. नंतर पीओपी फोडण्यापेक्षा ते फार स्वस्त पडतं.

ड्रिलच्या आधी सोसायटीची वेळ विचारा. बहुतेक सोसायट्यांत दुपारी दोन ते चार आणि रविवारी ड्रिल चालत नाही. स्लॅबमध्ये पंख्याच्या हुकापासून स्विचबोर्डाकडे जाणारा विजेचा पाइप असतो. त्या रेषेवर भोक पाडू नका, आणि वायरमनला खात्री नसेल तर मेन स्विच बंद करून काम करायला लावा. सळई लागली तर जोर न लावता दोन इंच बाजूला सरकायचं.

पायरी ६ : जोडणी आणि मोजणी

रिसीव्हरचा प्लग काढून ठेवा आणि सगळ्या वायरी लावा. तारेचा एकही सुटा धागा शेजारच्या टर्मिनलला लागता कामा नये, शंका असेल तर बनाना प्लग वापरा. मेनूत 'ॲम्प असाइन' मध्ये जाऊन सांगा की जादाचे दोन चॅनेल वरचे आहेत, 'टॉप मिडल', किंवा समोरच्या भिंतीवर असतील तर 'फ्रंट हाइट'. ही पायरी राहून गेली की वरचे स्पीकर गप्प बसतात आणि माणूस वायर तपासत बसतो.

माइकची मोजणी पहाटे किंवा रात्री, सगळं शांत असताना. पंखा, एसी, शक्य तर फ्रिजही बंद. माइक हातात धरू नका, सोफ्याच्या पाठीवर टेकवू नका. कॅमेऱ्याच्या स्टँडवर कानाच्या उंचीला ठेवा. सांगेल तितक्या सगळ्या जागी मोजणी पूर्ण करा.

मग निकाल तपासा. रिसीव्हर कधी कधी छोट्या स्पीकरला 'लार्ज' ठरवतो, म्हणजे सगळा बासही त्यालाच देतो. सगळ्यांना 'स्मॉल' करा आणि क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा बास सबवूफरकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झवर आणा, अगदी लहान स्पीकर असतील तर १२० च्या आसपास. अंतरं साधारण बरोबर आहेत का बघा. सबवूफरचं अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवलं तर ते बदलू नका, त्यात सबवूफरच्या आतल्या विलंबाचा हिशेब असतो. संवाद अजून दबलेले वाटले तर मधला स्पीकर दोन डेसिबलने वाढवा.

घुं असा सततचा आवाज येत असेल तर केबल टीव्हीची गोल वायर सेट-टॉप बॉक्समधून काढून बघा. आवाज थांबला तर दोष अर्थिंगच्या फेऱ्यात आहे, रिसीव्हरमध्ये नाही.

रिसीव्हरच्या वर चार-सहा इंच मोकळी जागा ठेवा. बंद कपाटात तो तापतो, आणि त्या ऊबेला झुरळं येतात. झुरळांनी सर्किट खराब केलेले रिसीव्हर दुरुस्तीवाल्याकडे हटकून दिसतील.

पायरी ७ : सबवूफर आणि खालचे शेजारी

सबवूफरची जागा शोधायची जुनी पद्धत अजूनही सर्वांत चांगली. सबवूफर सोफ्यावर, तुमच्या जागी ठेवा. बासचं एखादं गाणं लावा. मग तुम्ही जमिनीवर कान नेत भिंतींच्या कडेने फिरा. जिथे बास घट्ट आणि स्पष्ट ऐकू येईल, कुठे फुगणार नाही, कुठे गायब होणार नाही, ती सबवूफरची जागा. दहा बाय पंधराच्या खोलीत दोन फुटांनी केवढा फरक पडतो ते तेव्हा कळतं.

कोपऱ्यात ठेवला तर बास मोठा होतो, आणि तो स्लॅबमधून खालच्या घरातही जातो. सबवूफरखाली जाड फोमचा किंवा रबराचा पॅड द्या. आपल्या खोलीतला आवाज त्याने फारसा कमी होत नाही, खाली जाणारी थरथर मात्र बरीच कमी होते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्रीची वेळ आणि निवासी भागाची मर्यादा तेव्हा ४५ डेसिबल, दिवसा ५५. आकड्यांपेक्षा साधी गोष्ट करा : एखादा गडगडाटी प्रसंग लावा, खालच्यांकडे जाऊन त्यांच्या हॉलमध्ये दोन मिनिटं उभे राहा आणि तिथे काय पोचतं ते स्वतः ऐका. त्यावरून सबवूफरचं बटण कुठे थांबवायचं ते ठरवा. रात्रीसाठी रिसीव्हरमध्ये 'नाइट मोड' किंवा 'डायनॅमिक रेंज' नावाचा पर्याय असतो. तो चालू केला की स्फोट खाली येतात, कुजबुज वर येते. ॲटमॉस तेव्हाही ऐकू येतं.

ज्यांचा हॉल फारच छोटा आहे, घर भाड्याचं आहे आणि भिंतीला खिळा मारायची सोय नाही, त्यांनी वेगळा सबवूफर आणि मागचे दोन सुटे स्पीकर असलेला ॲटमॉस साउंडबार घ्यावा. नुसता एकट्या पट्टीचा घेतला तर जुन्या ५.१ चा सराउंडच हरवल्यासारखं होईल.

उरतो जुना रिसीव्हर. तो चालू असेल तर आतल्या खोलीत दोन स्पीकर लावून गाण्यांसाठी वापरा, स्टीरिओला तो अजून उत्तम आहे. बंद पडलेला असेल तर भंगारवाल्याला न देता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या, आणि त्याआधी त्याचा माइक, रिमोट आणि एफएमची वायर काढून ठेवा.